मुराळ्याचं पुढचं चाक

बोरी बुद्रुकचा कुंडलिक वर्षानुवर्षं यात्रेसाठी बहिणीला माहेरी आणायला, मुराळी म्हणून, अवसरी खुर्दला जात होता, पण अवसरीची वाट त्याला माहीत नव्हती. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण त्यात खोटं काही नाही. पहाटे बैल जुंपायचे, वेशीबाहेर पडलं की घोंगडी ओढून गाडीत आडवं व्हायचं आणि थेट बहिणीच्या, लंकाआक्काच्या दारात डोळे उघडायचे, ही त्याची रीत. बैलांना तिच्या दारातल्या हिरव्या कडवळाची आठवण असायची. त्यांना कासऱ्याची गरज नव्हती आणि कुंडलिकची तर त्याहून नव्हती.

मान मात्र सगळा कुंडलिकला. "लंकीचा मुराळी आला," असं आळीभर व्हायचं, त्याच्या पायावर पाणी पडायचं, चहा यायचा आणि लंकाआक्का दुसऱ्या दिवशी डोक्यावरचा पदर नीट करत माहेरच्या गाडीत अशी बसायची की समोरच्या दारातली तिची जाऊ सारजाबाई उगाचच भांडी आपटायची.

पुढे बैल म्हातारे झाले आणि कुंडलिकने नारायणगावातून एक जुनी मोटारसायकल घेतली. बैलगाडीला अख्खा दिवस लागायचा, हिला दीड तास. दीड तासाचं काम कधीही उरकता येतं, आणि जे कधीही उरकता येतं ते कधीच उरकत नाही. आज टोमॅटोची तोडणी, उद्या बाजार, परवा बघू, असं करता करता तीन यात्रा निघून गेल्या. दर वेळी कुंडलिक फोनवर निरोप ठेवायचा, की आक्का, एस.टी.नं ये. दर वेळी उलटा निरोप यायचा, की एस.टी. मला ठावं हाय, पण मुराळी आल्याबिगर मी यायची न्हाई.

यंदा त्यांची आई कुशाबाई मध्ये पडली. "पालखी निघायच्या आत लंकीला घेऊन आलास तर उंबऱ्याच्या आत ये," ती लेकाला म्हणाली. "न्हाईतर यात्रंतल्या पाळणेवाल्याकडं मुक्काम कर."

म्हणून कुंडलिक निघाला. मंचरपर्यंत काही अडलं नाही. पुढे कुठे वळायचं हे कुणाला विचारावं, तर ज्या गावात आपण मुराळी म्हणून मिरवलो त्याच गावची वाट विचारायची, ही लाज. त्याने अंदाजाने गाडी वळवली आणि ओढ्याकाठच्या बाभळीत घातली. अवसरीची घरं दिसायला लागली आणि पुढचं चाक बसलं. घरं दिसत होती म्हणून तो तसाच दामटत राहिला, त्यात ट्यूबच्या चिंध्या झाल्या. शेवटचा टप्पा त्याने घामाघूम होऊन गाडी ढकलत पार केला.

लंकाआक्का सकाळपासून नवं इरकली लुगडं नेसून, पिशवी भरून ओसरीवर बसली होती. समोरच्या दारात सारजाबाई तांदूळ निवडत होती. ते तांदूळ निवडायची आज काही घाई नव्हती.

"आला गं बाई तुझा मुराळी," सारजाबाई म्हणाली. "ढकलत आला, पर आला."

लंकाआक्काने एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग पिशवी मांडीवर घेऊन ती शांतपणे म्हणाली, "कुंडल्या, आज न्यायचं तर ने. आज न्हाई झालं तर पुन्ना पिशवी भरायची न्हाई. माझं म्हायेर मिटलं म्हणीन मी."

ती रागावून बोलली असती तर कुंडलिकला बरं वाटलं असतं. गावातला पंक्चरवाला दुसऱ्या गावच्या यात्रेला गेलेला, आणि ती गाडी उन्हात मंचरपर्यंत ढकलायची म्हणजे टायरही जायचं. घरीच चाक काढून तेवढं मंचरला न्यायचं, हाच एक मार्ग होता. पण चाक काढायचं तर गाडी उचलून धरली पाहिजे, आणि ती पडता कामा नये.

"त्याची काळजी माझ्यावं सोडा, पावणं," लंकाआक्काचे मालक भिमाजीदाजी बाह्या सारत म्हणाले.

भिमाजीदाजी आसपासच्या गावांत बैल पाडण्यात पटाईत होते. बैलाला पत्री मारायची, म्हणजे खुरांना लोखंडी नाल ठोकायचे, तर आधी बैल आडवा पाडावा लागतो. पायांत दोर टाकायचा, योग्य जागी एक हिसका द्यायचा, की घराएवढा बैल गुमान बसतो. दाजींच्या मते चार पायांना जे लागू, ते दोन चाकांना का नाही?

"गाडी पाडायची?" कुंडलिकने विचारलं.

"पाडल्याबिगर पायाचं काम व्हतं का कुठं? तुमी शिंगं धरा."

कुंडलिकने हँडल धरलं. दाजींनी अंगणात कडबा पसरला, दोन्ही चाकांना दोर गुंतवला, गाडीच्या टाकीवर थाप मारून तिला दोन गोड शब्द सुनावले आणि हिसका दिला. गाडी कडब्यावर झोपली. काम सफाईदार झालं यात शंका नाही, फक्त आरसा फुटला. दाजी खुशीत आले, त्यांनी विडी पेटवली आणि गाडीच्या पोटाशी उकिडवे बसले. तेवढ्यात कुंडलिकच्या नाकाला वास आला. टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळून कडब्यात मुरत होतं.

समजावत बसायला वेळ नव्हता. कुंडलिकने ओसरीवरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि बहिणीच्या नवऱ्याच्या तोंडावर रिकामा केला.

विडी विझली. दाजींनी मिशीतलं पाणी हाताने निपटलं. "रंगपंचमी झाली की पावणं," ते म्हणाले. मग त्यांना कडबा दिसला, वास आला, आणि त्यांनी विझलेली विडी कानामागे न ठेवता थेट गटारात टाकली. दोघांनी मिळून गाडी उभी केली. सारजाबाईने तांदळाचं सूप केव्हाच खाली ठेवलं होतं.

आता कुंडलिकने डोकं चालवलं. गाडी डबल स्टँडवर घेतली, तर मागचं चाक अधांतरी झालं आणि पुढचं जमिनीला टेकून राहिलं. हवं होतं ते उलटं. पण ज्याने जन्मभर बैलगाडी भरली त्याला एवढं कळतं, की मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते आणि जू आभाळाकडे जातं. बैलगाडीत जे टाळायचं तेच इथे करायचं होतं. त्याने कांद्याची पिशवी आणून मागच्या सीटवर ठेवली. पुढचं चाक उचललं न उचललं तोच पिशवी घसरली, फुटली आणि अंगणभर कांदे झाले.

"धरून बसणारं वजन पायजे," दाजी म्हणाले. दोघंही कुठे पाहायचं नाही याचा विचार करत होते, आणि दोघांचेही डोळे नेमके तिकडेच जात होते. लंकाआक्का अंगाने भरलेली होती. खात्यापित्या घरची, कष्टाची, एका हाताने कळशी उचलणारी बाई.

"बघताय काय नुस्तं? म्हणा की तोंडानं," ती म्हणाली. पिशवी घेऊन ती उठली आणि सीटच्या पार मागच्या टोकाला, एका अंगाला पाय सोडून बसली. पुढचं चाक मोठ्या अदबीने वर उठलं.

"बसलीच हायस, तर वटी बी भरून घे," सारजाबाई म्हणाली. तिला थट्टाच करायची असावी, पण तेच तांदूळ आणि एक नारळ घेऊन ती खरोखर आली, हळदकुंकू लावलं आणि ओटी भरली. कुंडलिकने पाना लावून एक्सल काढला, केबली सोडवल्या. चाक सायकलच्या कॅरिअरला बांधून दाजी मंचरला निघून गेले.

मागे राहिले ते असे. बिनचाकाची मोटारसायकल, मागच्या टोकाला ओटी सांभाळत बसलेली आक्का, आणि पुढे हँडल धरून उभा कुंडलिक. आक्काला शिंक आली तरी गाडी मान हलवायची. आळीतले लोक काही ना काही निमित्ताने अंगणावरून जाऊ लागले. एकाने विचारलं, की माहेरला निघाली व्हय, आणि उत्तराची वाट न पाहता पळाला.

कुंडलिकला हे धोक्याचं वाटत होतं. त्याने पायानेच लाकडं फोडायचा ओंडका इंजिनाखाली सरकवला. तो थोडा उणा पडला. मग सारजाबाईने चुलीपाशी बसायचे दोन पाट आणून दिले, ते त्याने ओंडक्यावर ठोकून बसवले. हँडल हळूच सोडून पाहिलं. गाडी जागची हलली नाही.

"उतर आता, आक्का," तो म्हणाला. "सावलीत बस. आता न्हाई पडायची ती."

"मला ठावं हाय न्हाई पडायची ते."

"मंग उतर की."

"न्हाई."

त्या घरात एक समजूत होती. ओटी घेऊन माहेरच्या गाडीत बसलेल्या सुनेने माहेरचं दार येईपर्यंत खाली पाय ठेवायचा नाही. ठेवला तर त्या वर्षीचं माहेर चुकतं. कुंडलिकला हे आठवलं आणि तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, ते बैलगाडीचं झालं. हिला तर चाकबी न्हाई."

"बैलगाडीचंच बोलती मी," आक्का म्हणाली. "बैलं व्हती तवा दिसभराची वाट तुडवून दरसाल यायचास. ही फटफटी आली आन् तू यायचा बंद झालास. बैलांपरीस हळू चालती व्हय रं ही?"

कुंडलिकने कामांचं नाव काढलं.

"कामं तवा बी व्हती. तीन सालं पिशवी भरली म्या. निरोप काय का आसंना, म्हणलं येईल. सांजचं लुगडं परत पेटीत ठेवायची. समुरून ही सारजा बघायची. आता मी उतरले, आन् मंचरात ट्यूब न्हाई घावली, तर तू म्हणशील उद्या येतो. तुझा उद्या मला ठावं हाय, कुंडल्या."

सारजाबाई दारातून हलली नाही, पण खाली पाहू लागली. कुंडलिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहीण भर उन्हात बसून राहिली होती ती रिवाजासाठी नव्हे, त्याच्यावर भरवसा नव्हता म्हणून. आणि पळून जायलाही त्याच्याकडे चाक नव्हतं. त्याने ओसरीवरची छत्री आणली आणि तिच्या डोक्यावर धरून उभा राहिला.

"चुकलं माझं, आक्का," तो म्हणाला. "आन् आजून एक सांगतो. मला तुज्या गावची वाट ठावं न्हाई."

"काय?"

"बैलं आणत व्हती. मी झोपलेला असायचो. आज बाभळीत घुसलो त्ये त्याच्यामुळंच."

आक्काने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला जे हसू आलं ते तिच्या पोटातून निघून सीट, इंजिन, पाट, ओंडका असं करत जमिनीपर्यंत गेलं. सारजाबाई हसता हसता उंबऱ्यावरच बसली. हसणारी आक्का मध्येच रडायला लागली आणि रडता रडता भावाला शिव्या घालू लागली, की मेल्या, माझी बैलं गेली तवा मला सांगावा तरी धाडायचास. ती त्यांना माझी बैलं म्हणाली याचं कुंडलिकला फार वाईट वाटलं. म्हातारपणी ते दोघे बैल गोठ्यातच मेले तेव्हा तो स्वतः दोन दिवस जेवला नव्हता, पण आक्काला कळवायचं त्याला सुचलंच नव्हतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा दाजी सायकल टेकवून अंगणात आले. नवी ट्यूब घातलेलं चाक त्यांनी बक्षिसाच्या ढालीसारखं डोक्यावर धरलं होतं. चाक बसवलं, नट आवळले, केबली जोडल्या, ब्रेक दाबून पाहिला. पाट निघाले, ओंडका निघाला. कुंडलिक पुढे बसला, आणि उतरायला कबूल नसलेल्या आक्कासकट गाडी स्टँडवरून खाली घ्यायला दाजी आणि सारजाबाई दोघांनी मागून जोर लावला.

"वाट दावू का?" दाजींनी विचारलं.

"मी हाय की," आक्का म्हणाली. तिने पहिलं वळण उलटंच सांगितलं. सडकेकडे जायचं सोडून गाडी सगळ्या आळीतून, पारावरून, देवळावरून फिरली, आणि पुन्हा सारजाबाईच्या दारावरून हळू गेली. त्यानंतर खरी वाट लागली. कुंडलिकने ती या वेळी डोळे उघडे ठेवून पाहिली.

बोरीत पालखीची वाजंत्री अजून देवळापाशीच होती. गाडी दारात थांबली तशी कुशाबाई भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन बाहेर आली. लेक माहेरी आली की आधी बैलांच्या पायांवर पाणी घालायचं, मग लेकीच्या, ही तिची जुनी रीत. ती सवयीने खाली वाकली, बैल दिसेनात म्हणून क्षणभर थांबली, आणि मग तिने ते पाणी मोटारसायकलच्या पुढच्या चाकावर ओतलं. तापलेल्या टायरवरून ते मातीत उतरलं.

"वाट कळली का गं बाई हिला आता?" म्हातारीने चाकावर हात ठेवून विचारलं.

"मला कळली, आये," कुंडलिक म्हणाला.

"आधी मला धरा," मागून आक्का म्हणाली, "पायाला मुंग्या आल्यात." मग भावाच्या खांद्यावर सगळा भार टाकून ती माहेरच्या दारात उतरली.