दोनशे बारा नंबरची दारं

माझे वडील सिरिल डॅफर्न यांनी कॉव्हेंट्रीच्या ऑल्डरसन कारखान्यात पंधरा वर्षं गाड्यांना दारं बसवली. दोघांपुरती, दुमडत्या कापडी छपराची, वेगवान गाडी होती ती. श्रीमंत लोक शर्यतीला न्यायचे. दारं बसवणाऱ्यांनी ती चालवायची नाही असा नियम होता. तयार गाडी ते हातांनी ढकलत अंगणात नेऊन सोडायचे, पुढचं काम दुसऱ्यांचं. सदुसष्ट साली कारखान्याला टाळं लागलं. बाबा ट्रॅक्टरच्या कारखान्यात गेले आणि घरात ऑल्डरसनचं नाव निघेनासं झालं.

त्यामुळे निवृत्तीनंतर एका सकाळी दारात ट्रक थांबला आणि त्यातून फायबरचं भलंमोठं धूड उतरायला लागलं, तेव्हा आईला वाटलं, पत्ता चुकला.

"आयव्ही, ही ऑल्डरसन आहे," बाबा म्हणाले.

"हा बाथटब आहे," आई म्हणाली. "आणि यात माझी बसायची सोय कुठंय? मला आत घालायचं तर आधी घडी करावी लागेल."

लिंकनशायरमधली एक कंपनी हुबेहूब ऑल्डरसनसारख्या गाडीचे सुटे भाग विकायची. इंजिन, गिअर वगैरे एखाद्या भंगारातल्या गाडीतून काढून घ्यायचं. ते सगळं जोडायला बाबांना चार वर्षं लागली. मी बस चालवते. सुट्टीच्या दिवशी मदतीला जायचे. मदत म्हणजे उजेडासाठी बॅटरी धरून उभं राहायचं आणि बोलणी खायची. सोबतच्या पुस्तकात दारांसाठी एक दुपार सांगितली होती. बाबांनी सात आठवडे घेतले. बिजागरीमागे पत्र्याची पातळ पट्टी सरकवायची, दार लावायचं, फटीतून नख फिरवायचं, की पुन्हा सगळं सोडवायचं.

"बाबा, लागतंय की आता."

"लागणं वेगळं आणि बसणं वेगळं, लिनेट. बॅटरी खाली धर."

सरकारी तपासणीत आरशाची कड धारदार निघाली म्हणून गाडी एकदा नापास झाली, दुसऱ्या खेपेला पास. आलेल्या कागदावर ऑल्डरसन नव्हतं, 'किट कार', म्हणजे सुटे भाग आणून जोडलेली गाडी, असं लिहिलेलं होतं. बाबांनी तो दोनदा वाचला. "बरोबरच आहे त्यांचं," एवढंच म्हणाले.

जूनमध्ये आम्ही केनिलवर्थजवळच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला गेलो. किटच्या गाड्यांची रांग चहाच्या तंबूमागे होती. लोक यायचे, डोळे चमकायचे, विचारायचे, "खरी आहे?" बाबा सांगायचे, "नाही, घरी जोडलीय." मग ते "अच्छा" म्हणून पुढे सरकायचे. दुपारपर्यंत मला त्या 'अच्छा'चा राग यायला लागला होता. बाबांना नव्हता, किंवा त्यांनी दाखवला नाही.

मैदानाच्या मधोमध एक खरी ऑल्डरसन उभी होती, भोवती दोरी बांधलेली. मालक होते लेमिंग्टनचे निवृत्त दंतवैद्य, मिस्टर मॉर्टिमर. बाबा तिथे कामाला होते हे कळल्यावर त्यांनी स्वतः दोरी उचलून धरली.

"या, आत या! म्हणजे तुमचाच हात लागला असणार हिला. एकोणसाठ सालची, नंबर दोनशे बारा!"

बाबांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. खालच्या अंगाला बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं. मग हात खिशात घातला.

"छान ठेवलीय तुम्ही," ते म्हणाले.

परतताना वाऱ्यामुळे ओरडूनच बोलावं लागत होतं. मी विचारलं, "काय झालं तिथे?"

"ती दारं आमची नाहीत. आमच्या दारात लाकडाची चौकट असायची, ठोकलं की बद्द वाजायचं. ही खणखणतात. मागचा भागही नंतर कुणीतरी केलाय."

"मग सांगितलं का नाही? तो खरी म्हणून मिरवतो आणि आपल्याला तंबूमागे उभं करतात!"

"दोरी उचलून आत घेतलं त्याने मला," बाबा म्हणाले.

तीन आठवड्यांनी दोनशे बारा नंबर आमच्या दारात येऊन उभी राहिली. प्रदर्शनवाल्यांकडून पत्ता मिळवून आलेले मॉर्टिमर उतरले ते थेट गॅरेजमध्ये शिरले.

"मिस्टर डॅफर्न, चाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडात डोकावून त्यांना वाईट बातम्या दिल्यात. वाईट बातमी गिळून टाकणाऱ्याचा चेहरा मला कळतो. तुम्ही दोनदा ठोकलंत. काय ऐकलंत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पान्यांच्या पेटीत काहीतरी शोधायला लागले. मग त्यांनी सगळं सांगितलं, हळूहळू, एकेका जागी हात ठेवून. मॉर्टिमर उलट्या बादलीवर बसले.

"खरं किती उरलंय?"

"खालचा सांगाडा. इंजिन. पुढचं झाकण बहुतेक आमचंच."

आई चहा घेऊन आली होती, तिने ऐकलं. "तुम्हीही लोकांना खोटे दात बसवलेच ना?" ती म्हणाली. "मग काय त्यांनी जेवायचं सोडलं?"

मॉर्टिमर हसले नाहीत. चहा अर्धा टाकून गेले.

त्यानंतर बाबांचा उन्हाळा वाईट गेला. ऑगस्टच्या प्रदर्शनात मैदानाच्या मधोमध दुसरीच गाडी होती. "विकली असेल," बाबा म्हणाले. पुढच्या आठवड्यात जेवताना मध्येच, "त्याने विचारलं म्हणून सांगितलं. पण विचारणाऱ्याला उत्तर हवंच असतं असं नाही." आई म्हणाली, फोन करा. बाबांनी नंबर शोधला, फोनजवळ ठेवला, आणि केला नाही. गॅरेजमध्येही जाईनात. "गाडी पुसायला घेतली की त्या माणसाचं बादलीवरचं बसणं दिसतं," असं एकदा माझ्याजवळ बोलले.

सप्टेंबरात आईला ट्यूलिपचे कंद हवे होते म्हणून मी दोघांना माझ्या गाडीतून रोपवाटिकेत नेलं. भुरभुर पाऊस होता. गाड्यांच्या रांगेत, एका व्हॅनला खेटून, दोनशे बारा नंबर उभी. छप्पर ओढलेलं, पण चाकांपासून दारांपर्यंत चिखल. बाबा पावसातच थांबले.

तेवढ्यात मॉर्टिमर हातगाडी ढकलत आले. "डॅफर्न! बरं झालं भेटलात. फोन करणारच होतो, पण तोंड कसं दाखवू कळेना. तुमच्या बायकोच्या हातचा चहा टाकून आलो होतो."

"मला वाटलं विकलीत."

"विकणार होतो. गिऱ्हाईकही आलं होतं. त्याला दाखवायला म्हणून स्ट्रॅटफर्डपर्यंत नेली आणि पावसात सापडलो." ते थांबले. "दहा वर्षं झाली गाडी घेऊन. ढग दिसला की मी तिला आत घ्यायचो. त्या दिवशी भिजलो, आणि काही झालं नाही हो. गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगितलं. आता भाजी आणायलाही हीच काढतो."

बाबांचे ताठलेले खांदे सैल झाले ते मला दिसलं.

"एवढंच की डावं दार खडखडतं," मॉर्टिमर म्हणाले. "ते आधीपासूनच असणार, मीच ऐकत नव्हतो. बघाल?"

"गुरुवारी आणा. दारातली चौकट लाकडाची करायची तर वेळ लागेल."

"करू नका. जे आहे तेच नीट बसवा."

बाबांनी मान डोलावली आणि दार उघडून आत वाकले. बाजूच्या सीटवर, लाल चामड्यावर, खताची दोन ओली पोती टेकवून ठेवलेली होती.

"हे काय आहे?"

"खत. डिकीत कुंड्या भरल्यात, जागाच नव्हती."

"अहो, चामडं आहे ते! रेक्झिन नव्हे! शिवण उसवेल, डाग पडेल. लिनेट, तुझी डिकी उघड. आयव्ही, गाडीतला पेपर दे इकडे!"

चार वर्षं गॅरेजमध्ये बॅटरी धरून हाच आवाज मी ऐकला होता. मॉर्टिमर खाली मान घालून उभे होते. मी एक पोतं उचललं, बाबांनी दुसरं, आणि आई पावसात पेपर पसरत राहिली.