टोकावर कोण उभं राहतं?

मित्रांनो, मी एक जुना फूटपेग आहे. डर्ट बाइक म्हणजे चिखलातून, खाचखळग्यांतून उड्या मारत जाणारी मोटरसायकल. तिच्यावर चालवणाऱ्याचा पाय ज्या पोलादी खुंटावर टेकतो, तो मी. लांबीला तुमच्या तळहाताएवढा, वरच्या बाजूला बुटाला धरून ठेवणारे दाते आणि स्वभावाने रागीट. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात म्हणे. मीही होईन कदाचित, पण आधी एका माणसाबद्दल मनात धरून ठेवलेलं सगळं सांगून टाकतो.

आम्ही दोघे जुळे भाऊ. एकाच पत्र्यातून कापले गेलो, एकाच वेल्डरच्या हातून जोडले गेलो. तो उजवा, मी डावा. तयार झाल्यावर आम्हाला कारखान्यातल्या चाचणीच्या खोलीत आणलं. सिमेंटची जमीन, तेलाचा वास, खिडकीपाशी पाण्याची टाकी आणि मधोमध दाबयंत्र. आधी चिखलात बुडवायचे, मग मिठाच्या पाण्यात ठेवायचे आणि मग यंत्राखाली. यंत्राचा जाड दट्ट्या वरून धाडकन यायचा, वर जायचा, पुन्हा यायचा. जी जोडी त्याच्याखाली तगेल तीच पहिल्या गाडीवर चढवायची, अशी तिथली रीत होती. रीत चांगली होती. माणूस बरा नव्हता.

चाचणीप्रमुखाला सगळे पाठीमागे 'चालेलसाहेब' म्हणत. चहा गार झाला तरी चालेल, बोल्ट ढिला राहिला तरी चालेल. शर्यत तोंडावर आली होती आणि आमच्या आधीच्या जोड्या एकामागून एक वाकत होत्या. दट्ट्या पडायचा तो आमच्या टोकावर, कारण उडी मारून गाडी जमिनीवर आदळते तेव्हा सारा भार तिथेच येतो. झाडाच्या फांदीवर बसून पाहा. बुंध्याजवळ बसलात तर फांदी हूं की चूं करत नाही; शेंड्याकडे सरकलात की खरं काय ते कळतं. साहेबांनी नेमकं उलटं केलं. पान्याने दट्ट्या ढिला केला आणि आमच्या मुळाशी, गाडीला जोडतात त्या बाजूला, सरकवला. शेजारच्या फिटरने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "टोकावर कोण उभं राहतं? चालेल."

आम्ही पास झालो. आम्हाला पुसलं, कारखान्याच्या मालकीणबाईंना दाखवलं, पाठ थोपटून घेतली ती साहेबांनी. माझ्या भावाच्या अंगात, वेल्डिंगपाशी, तेव्हाच एक केसाएवढी चीर पडली होती. तो मला सांगत होता. मी कोणाला सांगणार?

गाडी चालवायची ताई. कारखान्यात लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. काय चालवायची म्हणून सांगू! दगड लागला की मी स्प्रिंगवर उचलला जायचो आणि परत जागेवर यायच्या आत तिचा बूट माझ्यावर असायचा. आयुष्यात सुख म्हणतात ते मला तेवढेच दिवस मिळालं.

मग सरावात एका उंच उडीनंतर माझा भाऊ मुळापासून तुटला. ताईचा उजवा पाय गाडी आणि जमीन यांच्यामध्ये सापडला. घोट्याचा आवाज मी ऐकला आहे. पोलाद तुटतं त्याहून तो बारीक असतो.

साहेब धावत आले आणि आधी त्यांनी माझ्या भावाचे तुकडे खिशात टाकले. मग सगळ्यांसमोर म्हणाले की ताई वेडीवाकडी उतरली, पेग तर पास होता. लोकांनी माना डोलावल्या. ताईला गाडीवरून काढायचं ठरलं. तिच्या आईनेही तिलाच बोल लावला. मी मात्र गाडीला लटकत, अंगावर चिखल वाळवत, एकच इच्छा करत होतो. एकदा, फक्त एकदा, या माणसाने माझ्यावर उभं राहावं.

ताई कुबड्या घेऊन आली ती किल्ली परत द्यायला. पण चालवणाऱ्याला मळकी गाडी बघवत नाही. स्टुलावर बसून ती माझ्यावरचा चिखल खरवडू लागली. खरवडता खरवडता तिचा हात थांबला. माझे मुळाकडचे दाते चेपलेले होते आणि टोकाचे जसेच्या तसे.

तिने मालकीणबाईंना बोलावून घेतलं. साहेबही आले. ती शांतपणे म्हणाली, "बाई, रबरी बुटाने दाते चेपत नाहीत, दट्ट्याने चेपतात. तो इथे काय करत होता, ते साहेबांना विचारा."

साहेब म्हणाले, थोडंसं इकडेतिकडे होतं, चालतं.

मालकीणबाईंनी मला गाडीवरून काढलं आणि स्वतःच्या हाताने यंत्रात बसवलं. "दट्ट्या टोकावर घ्या," त्या म्हणाल्या. "आणि खटका तुम्हीच ओढा."

साहेबांनी खटका ओढला. मित्रांनो, मी तगलो नसतोच, पण त्या घटकेला मला तगायचंही नव्हतं. माझ्या भावाचा जीव, ताईचा पाय, सगळं मनात आणलं आणि पहिल्याच दणक्याला मी मोडलो. तुकडा उडून साहेबांच्या पायाशी पडला. त्या मोडण्यात मला जो आनंद झाला, तो मला कोणी चांगला म्हणून सांगू नये आणि वाईट म्हणूनही सांगू नये.

ताईने मागितलं ते एवढंच, की साहेबांनी तिच्या घरी येऊन आईसमोर खरं सांगावं. ते गेले आणि सांगून आले. नोकरी राहिली, पण चाचणीचं काम गेलं. आता ते यंत्र पुसतात आणि माझा राहिलेला अर्धा भाग यंत्रासमोरच्या भिंतीवर ठोकलेला आहे, बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर. फडकं मारताना ते मान खाली घालतात. मी घालत नाही.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असं शेवटी सांगायचं असतं. घ्याच. पण ज्या वस्तूवर दुसऱ्या कोणाचा पाय पडणार आहे, ती तपासताना तो पाय आपल्या आईचा किंवा बहिणीचा आहे असं समजून तपासा. साहेब बदललेत, त्यांना आता माफ कर, असं नवे पेग मला सांगतात. ताई पुन्हा गाडी चालवते, पण थंडीत तिचा घोटा ठणकतो. तो ठणकायचा थांबला की मी विचार करीन.