घणाखालची पारख

आमच्या घरच्यांनी हिऱ्याची खाण काढली तेव्हा त्यांना तोंडावर हसणारी मी एकटीच होते. घरचे म्हणजे अण्णासाहेब, माझे यजमान. हसनाबादजवळच्या माळावर त्यांची काळ्या दगडाची खदान. दगड फोडायचा, क्रशरला घालायचा, खडी विकायची. बरं चाललं होतं. पण माणूस मध्य प्रदेशात पन्न्याला जाऊन आला आणि डोक्यात खूळ घेऊन आला. तिथली हिऱ्याची खाण त्यांनी कुंपणाबाहेरून पाहिली होती, तेवढ्यावर ते तज्ज्ञ झाले.

आल्या आल्या खदानीला पायऱ्या पाडायला घेतल्या. उघड्या खाणीत म्हणे सरळ खड्डा खणत नाहीत, काठ ढासळतो. टप्प्याटप्प्याने उतरायचं आणि डंपरसाठी कडेकडेने गोल रस्ता ठेवायचा. इथपर्यंत बरोबर होतं. पण जितकं खोल जावं तितकं वर रुंद करावं लागतं, आणि आमची खाण रुंद होत होत आधी बाभळी, मग गोठा आणि शेवटी माझी लिंबाची झाडं गिळून बसली. हिरा अजून दिसला नव्हता, पण कमान उभी होती, पाहुण्यांसाठी चौथरा होता आणि यजमानांच्या डोक्यावर पिवळी टोपी होती. ते जेवायलासुद्धा ती टोपी घालूनच बसत.

आमची सून दीपमाला भूगर्भशास्त्र शिकलेली. तिने एकदा भाकरी वाढता वाढता समजावून पाहिलं.

“मामा, हिऱ्याचा दगड मुळ्यासारखा असतो. लई खोलातून उभा वर येतो. आपला दगड म्हंजे ही भाकरींची चवड. लाव्हारसाचे थर, एकावर एक. कितीबी खाली गेलात तरी भाकरीच लागंल.”

“आन् भाकरीच्या खाली काय असतं?”

“दुरडी.”

“मंग दुरडीपर्यंत जाऊ,” यजमान म्हणाले आणि त्यांनी अजून एक भाकरी घेतली.

मग एके दिवशी सुरुंग उडाला आणि खदानीचे मुकादम खुर्शीदभाई पळत घरी आले. “साहेब, जल्दी चला! भिंत फुटली आन् आत बिलकुल शीशमहल हाय!”

आम्ही सगळे गेलो. खालच्या टप्प्यावरच्या दगडात दोन माणसं बसतील एवढी पोकळी उघडी पडली होती, आतून सगळी स्फटिकांनी मढलेली. पिकल्या पेरूच्या गरासारखे गुलाबी झुबके आणि त्यांवर हिरवे, टोकदार मणी. मी मेली सतत हसणारी बाई, मीही हसायचं विसरून आत डोकावले. दीपमालाच्या डोळ्यांना तर धारा लागल्या होत्या.

“लाव्हा थिजताना हवेचा बुडबुडा आडकला,” ती मला म्हणाली. “मंग लाखो वर्षं पाणी झिरपत राह्यलं आन् हे असं हळूहळू वाढलं. हे हिरे न्हाईत, आत्या. पण अशी पोकळी आख्खी हाती लागत न्हाई.” तिच्या कॉलेजचे प्राध्यापक सोमवारी येऊन ती अलगद, जशीच्या तशी काढून नेणार होते. तोवर कुणी हात लावू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

यजमानांनी रविवारीच सगळं गाव बोलावलं.

चौथऱ्यावर ऐरण मांडली. घणाला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. खरा हिरा घणाखाली फुटत नाही, हे यजमानांनी लहानपणी कीर्तनात ऐकलेलं, आणि कीर्तनात ऐकलेलं ते तपासत नाहीत. सुरुंगाने सुटे पडलेले स्फटिक एकेक करून ऐरणीवर आले, एकेक करून भुगा झाले. “बाद!” यजमान ओरडत. दर भुग्यागणिक त्यांचा चेहरा खुलत होता, कारण खोटे संपले की खराच उरणार. मग ते पोकळीकडे वळले.

दीपमाला वाटेत उभी राहिली. “मामा, हिरा कडक असतो, पण घाव बसला की तोबी चिरतो. तुमची पारखच चुकीची हाय.”

“मला शिकवून राह्यली का?”

तिने बोटातली अंगठी काढली. साखरपुड्याला आम्ही घातलेली. जालन्याच्या सराफ्यात मी स्वतः बरोबर होते, आणि अस्सल हिरा म्हणून यजमानांनी ती भर मांडवात सगळ्यांच्या हातून फिरवली होती.

“हा हिरा तुम्हीच आणला. हा फुटला तर पारख खोटी, मंग पोकळीला हात लावायचा न्हाई. कबूल?”

“कबूल!”

“बेटी, सोच ले,” खुर्शीदभाई घण धरून म्हणाले.

“मारा, चाचा.”

घण पडला. सोनं चपटं झालं आणि हिऱ्याचा चुरा झाला.

यजमानांनी कमानीकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, टोपी काढली आणि हात जोडले. मला वाटलं, आता हे चूक मान्य करणार. देवाशपथ, मला त्यांचा अभिमान वाटला.

“गावकऱ्यांनो,” ते म्हणाले, “माफ करा. साखरपुड्यात मी सुनंला खोटी अंगठी घातल्ती.”

मग टाळ्या सुरू झाल्या. काय सच्चा माणूस! भर गावात कबूल केलं! मी घसा फोडून ओरडले, “खरी होती ती, मी घेताना होते!” पण टाळ्यांपुढे माझं कोण ऐकतंय. आमचा मिथुन, दीपमालाचा नवरा, तोही वाजवत होता. त्याला दोन ठेवून द्याव्यात असं मला वाटलं.

यजमानांची पारख खरी ठरली, आणि दिवस कलेपर्यंत पोकळी घणाखाली ‘बाद’ होऊन क्रशरमध्ये गेली. खाणीच्या गोल रस्त्यावर गुलाबी झाक असलेली खडी पसरली.

रात्री यजमान जेवायला बसल्यावर दीपमालाने त्यांना ताट वाढलं. रडून तिचा आवाज बसला होता.

“मामा, हिरा खरा होता, न्हाई का?”

“खराच होता. केवढा हिंडून आणल्ता मी.”

“मंग खोटं का सांगितलं?”

यजमानांनी घास गिळला, पाण्याचा घोट घेतला.

“सगळं गाव जमल्तं, पोरी. मला लबाड म्हणलेलं चालतं. येडा म्हणलेलं चालत न्हाई.”