रंगरावांचा दुसरा भाग

रंगरावांचा दुसरा भाग सुरू झाला तो मालनच्या स्वयंपाकघरात, ती मेथी निवडत असताना. आधी भिंत मागं सरकली, मग खुर्च्या आल्या, मग खुर्च्यांवर माणसं. स्वयंपाकघर इतकं लांबलं की शेवटच्या रांगेतली माणसं तिळाएवढी दिसायला लागली. मालन म्हणाली, "अगं बाई, एवढ्यांना चहा कुठनं पुरवू?" सगळे भुईमुगाच्या शेंगा खात होते.

पिक्चरचा पहिला भाग सगळ्या गावाला तोंडपाठ होता. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे या रंगरावांनी, एकट्यानं तालुक्यातले गुंड लोळवले होते आणि शेवटी त्यांच्या म्होरक्याला, जगदेवला, गुऱ्हाळातल्या उकळत्या रसाच्या काहिलीत ढकललं होतं. तिथं भाग संपला. संपल्यावर हिरोनं काय करायचं असतं, हे कुणी सांगून ठेवलं नव्हतं. बिचारा माणूस! पेपर वाचायचा, नळाला पाणी आलं की बादल्या भरायच्या, आणि दिवसेंदिवस फिकट होत जायचं. परवा तर त्यांच्या छातीतून मालनला भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं. एकादशी कधी ते कळलं, पण जीव नुसता कासावीस झाला तिचा.

आज खुर्च्या भरल्या आणि रंगराव पुन्हा गडद झाले. "आले की गं लोक!" मिशीवरनं हात फिरवत ते म्हणाले. मालनला एवढा आनंद झाला की मेथीच्या काड्या पातेल्यात आणि पानं केरात गेली.

"पण आता करायचं काय?" तिनं विचारलं.

"ते कुठं ठाऊक आहे? पहिल्यापेक्षा जास्त काहीतरी."

"छट्!" पहिल्या रांगेतला टोपीवाला म्हातारा वैतागला. "जास्त गुंड, जास्त गाड्या आणल्या की झालं, असं वाटतं सगळ्यांना. त्यानं डोळे दिपतात, पोटात काही हलत नाही. घरातलं माणूस जावं लागतं, वैनी. अगदी सुरुवातीला. मग हिरो पेटतो, आणि आम्हीबी."

"घरातलं म्हणजे कोण?" मालननं विचारलं. घरात तर दोघंच होती. म्हातारा शेंगा सोलत राहिला.

तेवढ्यात जगदेव आला. काहिलीत गेलेला माणूस धडधाकट दारात उभा राहिल्यावर कुणाचाही गोंधळ उडेल, मालनचाही उडाला. पण हात कुठले ऐकतात? उन्हातनं आलेल्या माणसाला गूळपाणी द्यायचं, बाकीचं मागनं. तिनं तांब्या आणि गुळाचा खडा पुढं केला.

"गूळ नको, वैनी," जगदेव म्हणाला. "त्याचा वासबी सोसत नाही आता. नुसतं पाणी द्या."

गटागटा प्याला. मग कमरेचा कोयता काढला, तिच्याकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं आणि मटकन खाली बसला. "झाली का पंचाईत! तुमच्या हातचं पाणी प्यालो. आता तुमच्यावर हात कसा उचलू?"

"माझ्यावर?" मालन म्हणाली.

शिट्ट्या सुरू झाल्या. मागची एक रांग उठून निघाली, मग दुसरी. रांग गेली की भिंत तेवढी पुढं यायची आणि रंगराव तेवढे विटायचे. आधी कोपरं गेली, मग खांदे.

"अहो, बसा की!" मालन ओरडली. "भजी तळते मी! कांद्याची!"

कुणी बसलं नाही. भिंत ओट्याला येऊन टेकायला आली. मालननं नवऱ्याचा हात धरला तर मूठ रिकामीच मिटली, आणि तिला रडू फुटलं. "तुम्ही तरी सांगा की यांना काहीतरी!"

रंगरावांनी तिच्याकडं बघितलं. अंतरपाट निघाल्यावर बघितलं होतं, तसं. त्यासरशी निघालेली माणसं जागच्या जागी थांबली.

"मालन," ते म्हणाले, "जरा डावीकडं सरक. तिथं उजेड बरा पडतोय."

"काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"नाही गं. खरंच नाही कळत." त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांच्या सगळ्या अंगात तेवढेच डोळे गडद होते. "पण सरक."

बाहेर गुंडांच्या मोटारसायकली येऊन थांबल्या. बऱ्याच होत्या. मालनला नवऱ्याचा संताप आला, मग कीव आली, मग त्यातलं काय आधी आलं तेही कळेना. तिनं पदर खांद्यावरनं नीट घेतला आणि डावीकडं सरकली.

माणसं खुर्च्यांवर परत बसली. शेंगा फोडायचा आवाज थांबला. अजून काहीच झालं नव्हतं, तरी पुढच्या एका बाईनं डोळ्यांना पदर लावला.