दोरीवरचा पाचवा झटका

मित्रांनो, मी पाणबुड्याच्या डोक्यावर चढवायचा एक जुना तांब्याचा टोप आहे. गोंदियाच्या मत्स्यालयात शिरलात की डाव्या हाताला मी काचेच्या पेटीत बसलेला दिसेन. समोर एक गोल काच, बाजूला दोन. लहान मुले मला पाहून आईच्या मागे लपतात. लपू नका रे. एकेकाळी माझ्या आत एका भल्या माणसाचा श्वास चालायचा.

माझा जन्म मुंबईच्या गोदीतला. पुढे धरणाची दारे दुरुस्त करायला मला इकडे पाठवले आणि मी दसरूच्या हाती पडलो. दसरू सालेकशाच्या जंगलपट्टीतला. पहिल्यांदा उतरण्याआधी त्याने माझ्या कपाळाला हळद लावली आणि म्हणाला, "माहं डोस्कं आता तुह्याजवळ आहे. संभाळजो." त्या दिवसापासून मी त्याचा झालो.

काठावर हवेचा पंप असे. दसरूचा जोडीदार बिसराम त्याचे चाक फिरवी आणि रबरी नळीतून हवा माझ्यात येई. दसरूच्या कमरेची दोरी माझ्या गळ्याजवळच्या कडीतून वर जाई. ती धरायची त्याच्या बायकोने, सत्यभामाबाईने. दुसऱ्या कुणाच्या हाती तो दोरी देतच नसे. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे हवा वाढवा, आणि चार म्हणजे मला वर ओढा.

१९९९ साली मत्स्यालयाने पाणबुड्याची जुनी आणि नवी साधने लोकांना दाखवायचे ठरवले. आम्ही सगळे तिकडे गेलो. दर रविवारी दसरू मला घालून, शिशाचे बूट चढवून मोठ्या काचेच्या टाकीत उतरायचा. मध्येच दोरीला चार झटके द्यायचा आणि बाहेरची मुले ओरडून मोजायची, "एक! दोन! तीन! चार!" टाळ्यांचा पाऊस पडायचा. पण त्याला वर कुणी ओढायचे नाही, कारण हे नुसते दाखवणे होते. मग दसरू तळाशी बसून रोहू माशांना हातावर कणीक चारत राही.

आता एक गोष्ट सांगतो, जी दसरू, त्याची बायको आणि मी सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. त्या चार झटक्यांनंतर सत्यभामाबाई वरून हळूच एक झटका द्यायची. तो तिचा प्रश्न असे, खरे की खेळ? दसरू एक झटका परत देई, म्हणजे खेळ. दिला नाही, तर ती ओढणार. हे पाण्यात आणि दोरीतच चाले, बघणाऱ्यांना काही दिसत नसे. नवराबायकोचे ते बोलणे ऐकायला मला फार आवडायचे.

मग त्यांचा मुलगा दुर्गेश नवी साधने शिकून आला. पाठीवर हवेचे नळकांडे, तोंडात रबराचे बोंडले, पायात बदकासारखे पंजे. मी मनात खूप हसलो. पण पोरगा माशासारखा फिरायला लागला आणि माझे हसू जिरले. दसरूनंतर तो उतरायचा, आणि टाळ्या त्यालाच जास्त पडायच्या. दसरूला त्याचे वाईट वाटत नसे. "माहा पोरगा होय," असे तो बिसरामला दर रविवारी सांगायचा.

२००९ च्या पावसाळ्यात सत्यभामाबाई तापाने गेली. दोरी दुर्गेशच्या हातात आली. दसरूने त्याला सगळ्या खुणा शिकवल्या, फक्त पाचव्या झटक्याचे सांगितले नाही. एकदा सांगायला तोंड उघडले होते त्याने. पण बायकोची ती खूण दुसऱ्या हाताला द्यायला त्याचे मन झाले नसावे. मी त्याच्यावर कसा रागावू?

आणखी एक काम तिच्याबरोबर गेले. दर शनिवारी ती पंप उघडून हवा अडवणाऱ्या आतल्या चामड्याला टोळीचे तेल, म्हणजे मोहाच्या बियांचे तेल, लावायची. आता ते कुणाच्या ध्यानातच आले नाही. २६ जानेवारीला साहेब येणार म्हणून मला मात्र चिंचेने घासून आरशासारखे लख्ख केले आणि पंपाला हिरवा रंग दिला. आतले चामडे वाळून चिरले होते.

त्या दिवशी गर्दी मावत नव्हती. दसरू उतरला आणि थोड्याच वेळात मला कळले की हवा नीट येत नाही. वर बिसराम खुशीत होता. "आज चाक लय हलकं फिरून रायलं गा," तो म्हणाला. हलके फिरणारच. हवा चामड्यातूनच निसटत होती.

दसरूने चार झटके दिले. मुलांनी मोजले, टाळ्या वाजल्या. तो मान वर करून थांबला. दोरी आता पोराच्या हाती आहे हे विसरून, सवयीने थांबला हो! वरून प्रश्नाचा झटका येईल आणि आपण गप्प राहिलो की ती ओढेल. झटका आला नाही. त्याने पुन्हा चार दिले. मुलांनी पुन्हा मोजले, आणखी मोठ्याने. दुर्गेश हसून म्हणाला, "बा आज रंगात आला!" तिसऱ्या वेळी दोनच झटके गेले, पुढच्या दोनांचे बळ उरले नव्हते. माझी काच आतून धुरकट झाली. दसरूच्या मुठीतली कणीक सुटली आणि मासे तिच्याभोवती गोळा झाले.

"बिसरामकाका, बा हालून नाही रायला!" दुर्गेश ओरडला, तेव्हा फार उशीर झाला होता. त्याने बाला वर ओढून काढले, पान्याने माझे नट सोडवले, मला उचलून बाजूला फेकले. माझ्या कडेला पडलेला पोचा अजून आहे. संभाळजो म्हणाला होता दसरू. मला नाही संभाळता आले.

खेळ बंद झाला. मी पेटीत गेलो. दुर्गेशने नळकांडे पुन्हा पाठीवर घेतले नाही.

दर २६ जानेवारीला, मत्स्यालय उघडायच्या आधी, तो येतो. ज्या पंपाचे चाक आता कुणी फिरवणार नाही, त्याच्या चामड्याला टोळीचे तेल लावतो. मग पेटी उघडून माझ्या कडीत दोरी ओवतो आणि चार झटके देतो. "बा, मले काऊन नाही समजलं?" असे विचारतो आणि दोरी धरून उभा राहतो. मी बोलू शकलो असतो तर सांगितले असते की पोरा, तुझा दोष नाही, तुला ती खूण कुणी दिलीच नव्हती.

मित्रांनो, वस्तू बाहेरून घासूनपुसून ठेवता, तशी आतूनही उघडून पाहत जा. आणि आपल्या माणसाने दोरी ओढली, तर खेळ वाटला तरी एकदा उलट विचारत जा.

दुर्गेश बराच वेळ थांबतो. मला हात असते, तर तेवढा एक झटका मी त्याला दिला असता.