जुना चिलर बंद पडण्याचे कारण

रकाना १. चिलर कशासाठी हवा?
मासळीतला पारा आणि शिसं मोजणाऱ्या यंत्राला थंड पाणी पुरवण्यासाठी.

रकाना २. पाण्याचे तापमान?
वीस अंश.

रकाना ३. ठेवण्याची जागा?
लॅबची मागची पडवी.

चिलर पुरवणाऱ्याचा फॉर्म नम्रताने इथवर एका दमात लिहिला. मिरजोळ्याच्या त्या लॅबची ती प्रमुख. नवा चिलर तिनेच निवडायचा होता.

रकाना ४. जुना चिलर बंद पडण्याचे कारण?
कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.

खोडलं.

कर्मचाऱ्याने चिलरभोवती माडाच्या पानांची झापं बांधल्याने गरम हवा कोंडली व कॉम्प्रेसर जळला.

हे खरं होतं. शब्दन्‌शब्द खरं. झापं लॅबचा मदतनीस गंगाराम यानेच बांधली होती. बांधायला कोणी सांगितलं, तेवढं त्या वाक्यात मावत नव्हतं. लॅबचे मालक विनीतसर, त्यांच्यासमोरही ते मावलं नव्हतं.

झालं होतं असं. मागच्या महिन्यात झड पडवीत शिरू लागली. गुहागरला तिच्या घरी पावसाळ्यात ओटीला माडाची झापं लागतात; त्याच सवयीने ती म्हणाली, "गंगाराम, चारी बाजूंनी झाका. खारं वारं आहे, गंजेल."

"मॅडम, घुसमटेल ते. मागून केवढी धग येते बघा."

"अहो, थंड करणारं मशीन ते, त्याला कसलं उकडतंय!"

आणि हसली होती. एमएस्सी झालेली बाई! पाण्यातून काढलेली उष्णता कुठेतरी बाहेर पडणारच, एवढंही आठवलं नाही.

तिसऱ्या दिवशी जळका वास आला. सरांनी विचारलं, "कोणी बांधलं हे?"

"गंगारामने."

गंगाराम तिथेच उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून त्याला सांगण्यात आलं. तो देवरूखकडच्या आपल्या गावी गेला.

फोन. चिलर पुरवणारा हितेश.

"मॅडम, फॉर्म अजून आला नाही. रकाना चारचं तेवढं सांगा. माणसाची चूक असेल तर तेच मॉडेल आठवड्यात पाठवतो. पण पडवीत पाऊसच येत असेल, तर गरम हवा फेकणारा भाग गच्चीवर न्यायला हवा. मशीनच वेगळं येईल. नक्की झालं काय?"

"दहा मिनिटांत कळवते."

माणसाची चूक म्हणून लिहिलं, तर तेच मशीन त्याच पडवीत येणार. पुढच्या आषाढात पुन्हा कोणाला तरी ते झाकावंसं वाटणार.

रकाना ४.
पडवीत झड येते. जागा मी निवडली. झापं मी बांधायला लावली. गंगाराम नको म्हणत होता.

कागद घेऊन ती सरांकडे गेली. त्यांनी तो दोनदा वाचला.

"महिनाभर गप्प होतात?"

"हो."

"मग आज का?"

"चिलर निवडायचाय, सर."

बोलून गेली आणि मग ध्यानात आलं. मशीनसाठी खरं बोलावं लागलं. माणसासाठी महिनाभर तोंड उघडलं नव्हतं.

सर म्हणाले, "त्याला परत बोलवा. फोन तुम्हीच करा."

गंगाराम लावणीच्या चिखलात होता. तिने सगळं सांगितलं.

"मला काय सांगताय, मॅडम? मला ठाऊकच आहे."

"मी... चुकले, गंगाराम."

"येईन की नाही ते मागाहून बघू. घरात सगळ्यांना वाटतंय, मी सायबाचं मशीन जाळून आलो. बायको, हौसा, बोलते कमी, पण बघते तशी. थांबा, तिला देतो."

"अहो, तिला मी काय..."

पण फोन हातातून गेला होता. बांगड्या वाजल्या. "कोण?"

"मी नम्रता. लॅबमधली. ते मशीन गंगारामने नाही जाळलं. झापं मी बांधायला लावली, आणि नाव त्याचं सांगितलं."

हौसा म्हणाली, "जरा थांबा हां. सासूबाई पलीकडच्या बांधावर आहेत. त्यांना हाक मारते. मग पुन्हा सांगा, पहिल्यापासून."

नम्रता फोन कानाला लावून उभी राहिली.