काचेची बोडी

घंगाळातला मासा हलला आणि उमरावजींच्या बैठकीत दाटीवाटीनं बसलेली अर्धी गल्ली एका सुरात ओरडली, "हलला! हलला!"

थोड्या वेळापूर्वी तोच सोनेरी मासा काचेच्या टाकीत तिरपा तरंगत नुसतं तोंड उघडत-मिटत होता. भैय्यालाल महाराजांनी त्याला ओंजळीत उचललं, आपल्या पितळी घंगाळात सोडलं, वरून भगवं फडकं झाकलं आणि डोळे मिटून मंत्र सुरू केला. मंत्र बराच वेळ चालला. मध्ये चहा झाला. फडकं दूर केलं तेव्हा मासा सरळ होऊन शेपटी हलवत होता.

"नर्मदामैया का जल है!" महाराजांनी दोन्ही हात वर केले. "अमरकंटक से पैदल लाया है! मासा मेला नव्हता, माई. बांधला होता. किसी ने नजर से बांधा था!"

"जय हो!" दाराशी उभा असलेला त्यांचा मिशाळ चेला गरजला.

सगळ्यांत पुढे बसलेल्या उमरावजींच्या पत्नी सुभद्राबाईंनी पदरानं डोळे पुसले. घर त्यांचं, टाकी त्यांची, मासेही त्यांचेच. गेल्या काही दिवसांत एकामागून एक मेले होते. उरले होते ते असे धापा टाकत होते.

भैय्यालाल महाराज तिरोड्यात नवे नव्हते. पूर्वी ते तळहातावर नारळ फिरवून बोअरसाठी जागा दाखवायचे. त्यांनी दाखवलेल्या जागी अजून कोरडी भोकं आहेत. जमिनीतलं पाणी लागेना, म्हणून आता ते घंगाळातल्या पाण्याकडे वळले होते.

स्वयंपाकघराच्या दारातून सुभद्राबाईंची सून मंजू हे सगळं पाहत होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. माशाजवळ पाण्यावर पारिजातकाचं एक फूल तरंगत होतं. पांढऱ्या पाकळ्या, केशरी देठ, अगदी आज सकाळचं. अमरकंटकहून पायी आलेलं फूल इतकं टवटवीत कसं राहिलं, असं तिच्या मनात आलं. पण एका फुलावरून निष्कर्ष काढायची तिला सवय नव्हती.

"पण बांधलं कोनं, महाराज?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

महाराजांनी डोळे मिटले. "पूर्वेकडचं घर. बाई आहे. अकेली है. नाव... 'सु'वरून."

सुभद्राबाईंचा चेहरा उतरला. "माझं बी नाव सुवरूनच हाये, महाराज!"

"तुमचं नाही, माई, तुमचं नाही," महाराज घाईघाईनं म्हणाले. "तुम्ही तर दक्षिणा... तुम्ही तर भक्त!"

पूर्वेकडच्या घरात सुमित्राबाई राहत होत्या. नवरा वारल्यापासून एकट्याच. सुभद्राबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासूनची ही मैत्रीण; रोज दुपारी सुपारी कातरत दोघी टाकीसमोर बसायच्या. आणि नेमकं आता सगळ्यांना आठवलं, की मारबतीच्या सणाला सुमित्राबाई काचेला नाक लावून म्हणाल्या होत्या, "सुभद्रे, रश्श्याजोग्या झाल्या वो तुझ्या मासोळ्या!"

महाराजांनी निकाल दिला. उद्या संध्याकाळी त्या बाईनं गल्लीसमोर येऊन माफी मागायची. मग या उंबऱ्यावर तिचा पाय नको आणि गल्लीच्या गणपतीसमोरही ती नको. तोवर माशांना मंतरलेल्या कणकेच्या गोळ्या भरपूर घालायच्या.

गणपती तर बसलाच होता, आणि सुमित्राबाईंनी सूर लावल्याशिवाय त्याची आरती कधी सुरू झाली नव्हती. त्या संध्याकाळी ती सुरू झाली. तीन जणांनी तीन पट्ट्यांत म्हटली. सुमित्राबाईंचं दार बंद होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मंजूनं प्रयोगशाळेतून एक छोटी बाटली पर्समध्ये टाकली आणि घरी न जाता थेट सुमित्राबाईंच्या अंगणात शिरली. सुमित्राबाई विहिरीच्या काठावर बसल्या होत्या.

"काकू, रडता काय?"

"रडू कायले? मले तं हसू येऊन राहिलं," त्या म्हणाल्या, पण आवाज बसलेला होता. "मी पाह्यल्यानं मासे मरत असते, तं बोदलकशाच्या धरणात एक मासोळी जिती राह्यली नसती. लहानपन तिथंच गेलं माझं. पन सुभद्रा बी तसंच समजते, हेच लागलं मले. तिनं एक सबद तं विचारायचा."

मंजूनं वर पाहिलं. विहिरीवर पारिजातकाचं झाड ओणवं झालं होतं. पाण्यावर फुलांचा सडा. गल्लीत दुसरं पारिजातकाचं झाड नव्हतं.

"काकू, काल कोणी पाणी न्यायला आलं होतं?"

"तो मिशीवाला. माही बालटी बी घेऊन गेला. मले म्हने, 'माई, मुखमार्जनासाठी जल.' घंगाळभर जल! एवढं मोठं मुख हाये का त्याचं?"

मंजू हसली. मग एकदम थांबली. नर्मदेचं कोडं सुटलं होतं, पण त्यातून दुसरं निघालं. काचेच्या टाकीतही पहिल्यापासून याच विहिरीचं पाणी भरत होते. घंगाळात या पाण्यानं मासा तरतरीत होत होता, मग टाकीत त्याच पाण्यात मरत का होता? म्हणजे टाकीत गेल्यावर पाण्याचं काहीतरी होत होतं.

ती घरी आली तेव्हा बैठकीत सतरंज्या अंथरणं चाललं होतं.

"आई, पोळ्याला मी आमगावला माहेरी होते. तेव्हा टाकी कोणी धुतली?"

"मीच. मारबतीच्या दिवशी घर सारं झाडलं, मंग टाकी काऊन सोडायची? गोटे उकळत्या पान्यानं धुतले. आन त्या पानी गाळायच्या मशीनमंधला स्पंज! काय घान होती बापा त्यात, चिखलावानी! तो तं मी जुन्या खराट्यासंगं गावाबाहेर फेकून देल्ला. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हनलं आन मोकळी झाली. नवा पांढराफेक तुकडा लावला उशीतला."

मारबत म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत पोळ्याचा दुसरा दिवस. घरातली अडगळ गावाबाहेर टाकून रोगराईला त्या दिवशी निरोप देतात. रीत चांगलीच आहे. पण सुभद्राबाईंनी त्या दिवशी घाण समजून जे फेकलं, ते काय होतं ते आत्ता मंजूच्या लक्षात आलं. तिनं कपाळाला हात लावला आणि पाणी आणायला पुन्हा सुमित्राबाईंची विहीर गाठली.

संध्याकाळी बैठक ओसंडत होती. महाराज आसनावर, घंगाळ समोर, चेला दाराशी. सुमित्राबाई अंगणात उभ्या होत्या, उंबऱ्याबाहेर, ताठ. सुभद्राबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. टाकीत मासे वर येऊन हवा गिळत होते.

महाराजांनी एक मासा घंगाळात घेतला. तेवढ्यात मंजू पाण्यानं भरलेली स्टीलची बादली घेऊन पुढे आली.

"महाराज, दुसरा मी घेऊ?"

"बेटी, मंत्र येतो?"

"नाही. सतराचा पाढा येतो."

पोरं खिदळली. मंजूनं मासा जाळीनं अलगद बादलीत सोडला आणि शांतपणे सुरू केलं, "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस..." पोरांनी साथ धरली. इकडे महाराज मोठ्यानं मंत्र म्हणू लागले, तिकडे पाढा चढला. सतराचा संपल्यावर अठराचा झाला. एकोणिसाच्या पाढ्यात पोरं अडखळली, पण मासा अडखळला नाही. आधी त्यानं कल्ले सावकाश हलवले, मग तो सरळ झाला आणि बादलीत गोल फिरू लागला.

"मास्तरीनबाईचा बी हलला!" कोणीतरी ओरडलं.

महाराजांनी घाम पुसला. "मेरे मंत्र का असर! इतक्या जवळ बसल्यावर होणारच!"

"मग तो असर टाकीवर का नाही?" मंजूनं विचारलं. "टाकी तर तुमच्या आणखी जवळ आहे. मासे काढूच नका, तिथल्याच पाण्यावर मंत्र म्हणा आणि तिथेच एक बरा करून दाखवा."

महाराज म्हणाले, टाकी अपवित्र आहे. मग म्हणाले, आज तिथी ठीक नाही.

"तिथीचं राहू द्या," म्हणत मंजूनं तीन कप मांडले. एकात टाकीतलं पाणी, एकात घंगाळातलं, एकात बादलीतलं. तिन्हींत बाटलीतले थेंब टाकले, तसं पाणी पिवळसर झालं. "थोडं थांबा. पिवळं राहिलं तर पाणी माशांसाठी बरं. हिरवं झालं तर त्यात अमोनिया आहे. मुतारीत नाकाला झोंबतो ना, तोच. डोळ्यांना दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण माशाचे कल्ले भाजून निघतात."

घंगाळाचा कप पिवळा राहिला. बादलीचाही. टाकीचा हिरवा होत होत गडद झाला.

"पाह्यलं? करनी!" चेला म्हणाला.

"करणी नाही, शी-शू," मंजू म्हणाली. "माशांची. ती पाण्यातच होते आणि तिचा अमोनिया होतो. त्या चिखलासारख्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू होते. तो अमोनिया खाऊन ते पाणी निर्धोक करायचे. ते वाढायला आठवडे लागतात, आणि ते आपण मारबतीसोबत गावाबाहेर फेकले. जे गोट्यांवर उरले, ते उकळत्या पाण्यानं मेले. वर या मंतरलेल्या गोळ्या! मासे खाईनात, त्या तळाशी कुजल्या. विष आणखी वाढलं."

आतापर्यंत मागे खुर्चीवर बसलेले उमरावजी ताडकन उठले. जातीचे कोहळी, त्यांच्या पूर्वजांनी अर्जुनीकडे तलाव बांधले होते, शेताच्या माथ्यावर बोड्या, म्हणजे छोटी तळी, खोदली होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर पाण्यावाचून करमेना, म्हणून त्यांनीच ही टाकी आणली होती आणि ते तिला 'काचेची बोडी' म्हणायचे.

"अरे, हे तं माह्या बापाले ठाऊक होतं!" ते म्हणाले. "नवी बोडी खोदली का पयल्या पान्यात मासोळीचं बीज टाकू देत नव्हता तो. म्हने, पानी अजून कच्चं हाये, पिकू दे. आन आपन पिकलेली बोडी कच्ची करून टाकली!"

"आणि ही नर्मदा," मंजूनं घंगाळातलं पारिजातकाचं फूल उचललं, "शेजारच्या विहिरीतून आली. माझ्या बादलीतही तेच पाणी आहे आणि तेच फूल. ज्या बाईनं मासे मारले म्हणता, तिच्याच विहिरीनं ते वाचवले."

सगळ्या माना अंगणाकडे वळल्या.

"ए मिशीवाल्या," सुमित्राबाई बाहेरूनच म्हणाल्या, "मुख धुऊन झालं असन तं माही बालटी आनून दे!"

बैठकीत हशा पिकला. हसण्याच्या त्या लाटेत महाराजांनी मोबाइल कानाला लावला. तो वाजला नव्हता. "हां, हां, बालाघाट? अभी निकलते हैं," म्हणत ते निघाले. उमरावजींनी त्यांना दारात गाठून सांगितलं, "बाईमानसावर करनीचा ठपका ठेवनं कायद्यानं गुन्हा होय, महाराज. पुन्हा दिसले तं फोन खरोखरचा करीन." चेला केव्हाच गेला होता. घंगाळ राहिलं.

सुभद्राबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या.

"सुमित्रे, घरात ये वो."

"नजर लागन."

"लागू दे. चुकलं माझं. तुले एका शब्दानं नाई विचारलं मी."

सुमित्राबाईंनी पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि टाकीकडे पाहून म्हणाल्या, "आता तं रश्श्याजोग्या बी नाई राहिल्या. वाळल्या बिचाऱ्या."

त्या संध्याकाळची आरती एकाच पट्टीत झाली.

पुढचं काम कंटाळवाणं होतं. खरे उपाय बहुतेकदा तसेच असतात. रोज थोडं पाणी काढायचं, तेवढंच विहिरीचं घालायचं, खाणं अगदी चिमूटभर. मंजूनं शाळेतल्या जुन्या मत्स्यटाकीतून एक काळपट, बुळबुळीत स्पंज ओल्या फडक्यात गुंडाळून आणला. तो बसवायच्या वेळी सुभद्राबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन हजर.

"आई, कुंकू नको. पाण्यात उतरेल."

"मंग काय करू त्याचं?"

"काहीच नका करू. फार तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकं पिळा. उकळू नका, फेकू नका."

उरलेले मासे जगले.

काही अघटित घडलं, की 'हे कोणी केलं' असं विचारण्याआधी 'हे कशानं झालं' असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला बहुधा एखादी एकटी बाई सापडते, दुसऱ्याला कारण सापडतं. आणि कोणी चमत्कार दाखवलाच, तर त्याच जागी मंत्राऐवजी पाढा म्हणून पाहावा. मासा दोन्हींनी हलला, तर मंत्राचं काम काय ते आपोआप कळतं.

पुढच्या वर्षी मारबतीच्या सकाळी सुभद्राबाई टाकीसमोर खुर्ची टाकून स्पंजाच्या पहाऱ्याला बसल्या. बाहेर गल्ली अडगळ घेऊन निघाली होती. सगळ्यांत पुढे सुमित्राबाई होत्या, डोक्यावर पितळी घंगाळ, आणि आरतीतला तोच खणखणीत सूर लावून ओरडत होत्या,

"भैय्यालालचं घंगाळ घेऊन जा गे मारबत!"